वृद्ध महिला आणि पडण्याचे धोके

परभणी-मनमाड लोहमार्गावर परभणी सोडल्यानंतर पेडगाव हे छोटे स्थानक लागते. भीमेकाठचे, भुईकोट किल्ल्यामुळे इतिहासात नोंदले गेलेले पेडगाव ते हे नव्हे. ते अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. परभणीचे पेडगाव हे काळ्या कसदार जमिनीच्या, कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी पिकविणाऱ्या मुलखातील गाव आहे. या भागातील कोणत्याही गावी वृद्ध महिलांच्या प्रकृतीची विचारपूस केली, तर गुडघे, डोळे आणि दम यांविषयी पुष्कळ ऐकावयास मिळते. पडण्याविषयी मात्र कोणी आपण होऊन बोलत नाही. विचारल्यास "वय झाले, पडायचेच" असे उत्तर येते आणि विषय तेथेच संपतो. पिकलेले केस आणि पडणे या दोहोंना एकाच रांगेत बसविण्याची ही समजूत वृद्ध महिलांच्या आरोग्याची मोठी हानी करीत आली आहे. केस पिकणे टाळता येत नाही. पडणे बहुतेक वेळा टाळता येते, कारण त्याची कारणे पडण्यापूर्वी कित्येक महिने घरात व देहात दिसत असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार, व्यक्ती स्वतःची इच्छा नसताना जमिनीवर अथवा खालच्या पातळीवर येऊन थांबली, तर ते पडणे होय. म्हणजे हाड मोडले नाही, खरचटलेही नाही, तरी ते पडणेच असते. संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार व्यक्ती पडल्यामुळे दगावतात. अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रम लागतो आणि यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. वयाच्या ६५ वर्षांपुढील व्यक्तींपैकी २८ ते ३५ टक्के व्यक्ती वर्षातून एकदा तरी पडतात. सत्तरीनंतर हे प्रमाण ३२ ते ४२ टक्क्यांपर्यंत जाते. पडून मृत्यू पावणाऱ्यांत पुरुष अधिक असले, तरी पडण्याचे आणि पडून हाड मोडण्याचे प्रमाण स्त्रियांमध्ये जास्त आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठीपुढील व्यक्तींचा वाटा ९.९ टक्के होता, आणि तो तेव्हापासून वाढतच आहे. त्यामुळे हा प्रश्न काही मोजक्या कुटुंबांपुरता राहिलेला नाही.

स्त्रियांनाच धोका अधिक का?

मनुष्याची हाडे साधारणतः तिशीच्या सुमारास सर्वाधिक भरीव असतात. त्यानंतर त्यांची झीज सावकाश सुरू होते. स्त्रियांच्या बाबतीत या झिजेला मासिक पाळी थांबल्यानंतर एकदम वेग येतो, कारण हाडांचे रक्षण करणारा स्त्रीरस शरीरात तयार होणे जवळजवळ बंद पडते. पाळी थांबल्यानंतरची पाच ते आठ वर्षे या दृष्टीने सर्वात नुकसानीची ठरतात. पाश्चात्त्य देशांत पाळी थांबण्याचे सरासरी वय ५१ च्या आसपास आहे. भारतीय स्त्रियांमध्ये ते ४६ ते ४७ वर्षे इतके अलीकडे आहे. म्हणजेच आपल्याकडील स्त्रीची हाडे चार-पाच वर्षे आधीपासून विरळ होऊ लागतात. कुटुंबातील सर्वांचे जेवण झाल्यावर उरेल ते खाणारी, दूध मुलांना व चहाला देऊन स्वतः कोऱ्या चहावर भागविणारी स्त्री या झिजेला मुळातच कमी शिल्लक घेऊन सामोरी जाते.

मराठवाड्यापुरती याहून एक गंभीर बाब आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांमध्ये तरुण वयातच गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याचे २०१९ साली उघडकीस आले. राज्य शासनाने त्याच वर्षी नेमलेल्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. ऊसतोडीसाठी स्थलांतर परभणी जिल्ह्यातूनही होते. गर्भाशयासोबत बीजांडकोष काढले गेले असतील, तर त्या स्त्रीची रजोनिवृत्ती त्याच दिवशी होते. बीजांडकोष ठेवले असले, तरी ती काही वर्षे अलीकडे येण्याचा संभव असतो. पस्तिशीत शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीची हाडे पन्नाशीत साठीच्या स्त्रीसारखी असू शकतात. वयाचा दाखला पाहून धोका ठरविणाऱ्या कोणत्याही योजनेतून ही स्त्री निसटून जाईल. म्हणून आरोग्य सेविकेने वय विचारताना ही शस्त्रक्रिया झाली आहे काय, केव्हा झाली, हेही विचारणे अगत्याचे आहे.

हाडांइतकेच महत्त्व स्नायूंना आहे. घसरलेला पाय सावरतात ते मांडीचे, पोटरीचे आणि घोट्याचे स्नायू. गुडघे दुखू लागले की स्त्री खाली बसणे सोडते, खाली बसणे सोडले की मांडीचे स्नायू रोडावतात, आणि ते रोडावले की गुडघ्यावर अधिक भार येऊन दुखणे वाढते. जमिनीवर बसून स्वयंपाक, दळण, निवडणे-टिपणे करणाऱ्या जुन्या पिढीला दिवसातून वीस-पंचवीस वेळा उठण्या-बसण्याचा व्यायाम आपोआप घडत असे. ते कष्ट परत यावेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या कष्टांबरोबर गेलेले पायांतील बळ दुसऱ्या मार्गाने टिकवावे लागते.

धोक्यांची बेरीज

पडणारी व्यक्ती "पाय घसरला" असे एकच कारण सांगते. प्रत्यक्षात एका कारणाने माणूस सहसा पडत नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या मेरी टिनेटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरी राहणाऱ्या, ७५ वर्षे व त्यावरील ३३६ व्यक्तींचा वर्षभर मागोवा घेतला. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की ज्यांच्या ठिकाणी धोक्याचे एकही लक्षण नव्हते, त्यांच्यापैकी ८ टक्के व्यक्ती पडल्या. ज्यांच्या ठिकाणी चार किंवा अधिक लक्षणे होती, त्यांच्यापैकी ७८ टक्के पडल्या. लक्षणे वाढत गेली तसा धोका पायरीपायरीने चढत गेला. झोपेच्या व गुंगीच्या गोळ्या, पायांतील अशक्तपणा, तोल व चाल यांतील दोष, पावलांचे विकार, स्मृतिभ्रंश ही त्या यादीतील काही नावे होत.

या बेरजेचा व्यावहारिक अर्थ मोठा दिलासा देणारा आहे. वय कमी करता येत नाही, गुडघ्याची झीज भरून काढता येत नाही. पण चार कारणांपैकी दोन जरी वजा केली, तरी धोका बराच खाली येतो. आणि वजा करता येण्याजोगी कारणे गावातील घरात डोळ्यांसमोरच असतात.

घर, अंगण आणि काळी माती

पेडगावसारख्या गावातील घरात वृद्ध स्त्रीचा दिवस पहाटे अंधारात सुरू होतो. खोलगट झालेल्या बाजेवरून उठताना पायाखाली वाकळेची घडी किंवा मोबाईलच्या चार्जरची वायर येते. उंबरा ओलांडावा लागतो. जुन्या घरांत उंबरे उंच असत, कारण त्यांनी पावसाचे पाणी व सरपटणारे जीव अडवावेत अशी अपेक्षा असे. दुरुस्त्या होत गेलेल्या घरात एका खोलीची जमीन दुसरीहून चार बोटे वर किंवा खाली असते. ही चार बोटे उंच उंबऱ्याहून अधिक घातक ठरतात, कारण उंबरा दिसतो आणि ती दिसत नाहीत.

न्हाणी ही घरातील सर्वात धोक्याची जागा होय. घासून गुळगुळीत झालेली शहाबादी फरशी, तिच्यावर साबणाचे पाणी, कडेला हिरवे शेवाळ, धरण्यास काहीही नाही आणि अंगावर ओले लुगडे, अशी स्थिती असते. स्नानानंतर खाली बसलेल्या स्थितीतून उठताना रक्तदाब क्षणभर उतरतो आणि त्याच क्षणी पाय ओल्या फरशीवर असतात. घरोघरी शौचालये झाल्यामुळे पहाटे ओढ्याकाठी, बांधावर जाण्याचा धोका कमी झाला, ही मोठीच सोय होय. तथापि शौचालय अंगणाच्या टोकाला, दोन उंच पायऱ्यांवर आणि दिव्याविना असेल, तर रात्री उठणाऱ्या स्त्रीसाठी धोक्याची केवळ जागा बदलते. आत उकिडवे बसून उठण्यासाठी भिंतीत घट्ट बसविलेला एक लोखंडी दांडा असावा, हे बांधकामाच्या वेळी सुचणे अवघड नव्हते. पण तो क्वचितच बसविला जातो.

ऋतूंप्रमाणे धोकेही पालटतात. पावसाळ्यात काळी माती चपलेच्या तळव्याला थरावर थर चिकटते; चप्पल जड होते, तळवा गोल होतो आणि पाऊल कोठे टेकते याचा अंदाज राहत नाही. हिवाळ्यात पहाटेच्या थंडीने सांधे आखडतात. उन्हाळ्यात पाणी कमी पडल्याने उठताना भोवळ येते. त्यातच कूलरमधून सांडलेले पाणी फरशीवर पसरते आणि त्याची वायर दारातून ओढलेली असते. सणावाराला शेणाने नुकतीच सारवलेली जमीन वाळेपर्यंत निसरडी असते. अंगणात दाव्याला बांधलेले वासरू किंवा पायात घुटमळणारे करडू हीसुद्धा पडण्याची कारणेच आहेत, मात्र परदेशी पुस्तकांतील याद्यांत ती सापडत नाहीत.

पोशाखाविषयीही थोडे सांगावयास हवे. काष्टा घातलेल्या नऊवारी लुगड्यात पावले मोकळी राहत. सहावारी साडीचा घोळ व परकराची कड पायरी चढताना पायाखाली येते, विशेषतः कमरेत वाक आलेल्या स्त्रीच्या बाबतीत, कारण पाठ वाकली की साडीची पुढची कड जमिनीला लागते. साडी घोट्यापासून चार बोटे वर नेसावी, एवढा उपाय पुरेसा आहे. झिजलेली, सैल पट्ट्याची रबरी चप्पल मात्र टाकूनच द्यावी. मागे पट्टा असलेली, खाचा असलेल्या तळव्याची पादत्राणे घ्यावीत.

घराबाहेर शेत असते. मजुरी करणाऱ्या स्त्रीला निवृत्तीचे वय नसते. साठी उलटलेल्या स्त्रिया खुरपणी व कापूस वेचणीला जातात, दिवसभर वाकून काम करतात आणि सायंकाळी गवताचा भारा किंवा कापसाचे ओझे डोक्यावर घेऊन बांधावरून परततात. डोक्यावर ओझे असताना पायाखालचे दिसत नाही आणि मान वळवून तोलही सावरता येत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने शेतकरी महिलांचे श्रम हलके करणाऱ्या साधनांवर काम केले आहे. अशी साधने घेताना घरातील ज्येष्ठ स्त्रीचा विचार प्रथम व्हावा.

डोळे, औषधे आणि भोवळ

मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबावे, ही समजूत अद्याप पुसली गेलेली नाही. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे सत्तरीपुढील ३०६ महिलांचा अभ्यास करण्यात आला. काहींची पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लगेच करण्यात आली, तर काहींना नेहमीप्रमाणे प्रतीक्षा यादीत ठेवण्यात आले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार लगेच शस्त्रक्रिया झालेल्या महिलांचे पडणे ३४ टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शासकीय रुग्णालयांत विनामूल्य होते. ती लांबविण्यात काही लाभ नाही. चष्म्याविषयीही एक दक्षता घ्यावी. वर दूरचे व खाली जवळचे असा दुहेरी भिंगाचा चष्मा लावून पायरी उतरताना खालच्या भिंगातून पायरी अस्पष्ट दिसते. अशा वेळी हनुवटी खाली घेऊन वरच्या भिंगातून पाहण्याची सवय लावावी, किंवा चालण्यासाठी दूरच्या नजरेचा साधा चष्मा वेगळा ठेवावा.

औषधांचा संबंध पुष्कळांच्या ध्यानीही येत नाही. झोपेची गोळी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अंगात उरते. रक्तदाबाची औषधे आवश्यकच आहेत, ती स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नयेत. पण उभे राहताना अंधारी येत असेल, तर तसे डॉक्टरांना सांगून मात्रा तपासून घ्यावी. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत असा दोन वेळा रक्तदाब मोजला आणि वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर ती धोक्याची खूण समजतात. हे मोजण्यास कोणतेही नवे यंत्र लागत नाही, केवळ तीन मिनिटे लागतात. लघवी अधिक होण्याची गोळी चालू असेल, तर ती सकाळी घेता येईल काय, हे विचारावे. म्हणजे रात्री अंधारात उठणे टळते. मधुमेहात तळपायांची संवेदना कमी होते आणि जमीन नीट कळेनाशी होते. अशा स्त्रीने घरातही अनवाणी चालू नये. निर्जळी उपवासाच्या दिवशी मधुमेहाची गोळी घेऊन रिकाम्या पोटी काम करणे हे तर भोवळीला आमंत्रणच होय.

न सांगितलेले पडणे

या सर्व कारणांहून अवघड असे एक कारण आहे. वृद्ध स्त्री पडल्याचे सांगत नाही. न्हाणीत घसरली, हात टेकून सावरली, मनगट दोन दिवस दुखले. हळद लावली आणि कोणाला कळू दिले नाही. यामागे अज्ञान नसून पूर्ण व्यवहारी विचार असतो. सांगितले तर शेतात जाणे बंद होईल, नातवाला कडेवर घेऊ देणार नाहीत, स्वयंपाकघरातील शब्द चालेनासा होईल, मुलाला खर्चात पाडल्यासारखे होईल. ज्या स्त्रीचे घरातील स्थान तिच्या कामावर उभे आहे, तिला पडल्याची कबुली परवडत नाही. विधवा स्त्रीच्या बाबतीत हे अधिकच खरे असते.

परंतु एकदा पडलेली व्यक्ती पुन्हा पडण्याचा धोका जवळजवळ दुप्पट असतो. पहिले, निरुपद्रवी वाटलेले पडणे हीच सर्वात मोलाची सूचना असते आणि नेमकी तीच दडविली जाते. दुसरीकडे, पडण्याची भीती बसली की स्त्री स्वतःहून हालचाल कमी करते, कीर्तनाला जाणे, शेजारी बसणे सोडते. त्यातून स्नायू आणखी दुबळे होतात व ज्याची भीती तेच जवळ येते. घरच्यांनी काळजीपोटी "आता बसून राहा" असे बजावल्यानेही हाच परिणाम होतो. सूनबाईने किंवा मुलाने "पडलात कशा?" असे दटावून विचारण्याऐवजी "कोठे पाय घसरला, ते दाखवा" असे म्हटले, तर आजी सांगण्याची शक्यता अधिक असते, आणि ती जागाही त्याच दिवशी दुरुस्त करता येते.

या कामी आशा स्वयंसेविकेचे साहाय्य मोठे आहे. तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी ती जी तपासणी सूची भरते, तिच्यात साठीपुढील व्यक्तींसाठी काही स्वतंत्र प्रश्न आहेत. उभे राहताना वा चालताना तोल जातो काय, हा त्यांतील एक. त्याला जोडून वर्षभरात पडलात काय आणि पडण्याची भीती वाटते काय, हे दोन प्रश्न विचारावेत. तिन्हींपैकी एकाचेही उत्तर "होय" असे आले, तर त्या महिलेला पुढील तपासणीसाठी आरोग्य केंद्रात पाठवावे. सूची भरताना घरातील इतर मंडळी समोर बसलेली असतील, तर उत्तर बहुधा "नाही" असेच येईल, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

पायांचे बळ कसे वाढवावे?

पायांतील शक्ती घरीच अजमावता येते. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, हात छातीशी आडवे धरावेत आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते, ते मोजावे. ६५ ते ६९ वर्षांच्या स्त्रीला ११ पेक्षा कमी आणि ७० ते ७९ वर्षांच्या स्त्रीला १० पेक्षा कमी वेळा जमत असेल, तर पायांचे बळ अपुरे आहे असे समजावे. चाचणी घेताना जवळ कोणीतरी उभे असावे.

न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी याच दुबळेपणावर घरच्या घरी करावयाचा व्यायामक्रम तयार केला. ८० वर्षे व त्यापुढील २३३ महिलांवर त्याची परीक्षा झाली आणि १९९७ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. व्यायाम करणाऱ्या महिलांचे पडणे सुमारे एक तृतीयांशाने घटले. पुढे २०१९ साली जगभरातील १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी कमी होते असे आढळले. त्यातही तोल सांभाळण्याचे व्यायाम विशेष उपयुक्त ठरले. नुसते फिरणे पुरेसे नसते.

हे व्यायाम साधे आहेत. ओसरीच्या खांबाला धरून टाचा उचलून चवड्यांवर दहा वेळा उभे राहावे. बाजेवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठून बसावे. बाज खोलगट असेल, तर खुर्ची घ्यावी. भिंतीलगत एका पावलापुढे दुसरे पाऊल टाच लावून चालावे. खांब धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहावे आणि सवय होईल तसा आधार एका बोटापर्यंत कमी करीत जावा. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा अर्धा तास असा क्रम ठेवल्यास काही महिन्यांत चालीत फरक दिसू लागतो. एकटीने घरात करण्याऐवजी महिला बचत गटाच्या बैठकीपूर्वी पंधरा मिनिटे सर्वजणींनी मिळून केल्यास नियम टिकतो, आणि त्यात संकोचही राहत नाही.

आहाराच्या बाबतीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली केलेली शिफारस अशी, की रजोनिवृत्तीनंतर स्त्रीला दररोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावे. एक पेला दुधातून त्याचा जेमतेम पाचवा भाग मिळतो. तीळ, नाचणी, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी यांतून बरीच भर पडते. ज्वारीच्या भाकरीसोबत तिळाची चटणी रोज दोन चमचे खाणे कोणत्याही घराला परवडते. स्नायूंसाठी डाळ, उसळ, अंडी हवीत. जीवनसत्त्व ड उन्हातून मिळते, तथापि उतारवयात त्वचेची ते तयार करण्याची क्षमता उणावते. त्याची मोठी मात्रा मनाने घेणे मात्र उलटू शकते. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढील दोन हजारांहून अधिक महिलांच्या चाचणीत निम्म्या महिलांना वर्षातून एकदा ५ लाख युनिटांची मात्रा देण्यात आली. २०१० साली निष्कर्ष आले, तेव्हा त्या महिला इतरांहून अधिक पडल्या आणि त्यांची हाडेही अधिक मोडली, असे दिसून आले.

काठी, तीन पायांची काठी, वॉकर, चष्मा, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी ६५ वर्षे पूर्ण झालेल्या व मर्यादित उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना ३,००० रुपयांचे एकरकमी साहाय्य देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना राज्य शासनाने २०२४ साली सुरू केली. काठी घेताना तिची उंची मनगटाच्या सांध्याइतकी असावी आणि टोकाला रबर असावे. उंच काठीने खांदा उचलला जातो व आधार मिळत नाही.

पडल्यानंतर

पडलेल्या व्यक्तीस लगेच ओढून उभे करू नये. कोठे दुखते ते विचारावे. इजा नसेल, तर कुशीवर वळून, हात व गुडघे टेकून, बाजेपर्यंत किंवा ओट्यापर्यंत रांगत जाऊन, एक पाऊल पुढे ठेवून हातांच्या जोराने उठता येते. ही रीत धडधाकट असतानाच एकदा करून पाहावी. एकटीला उठता येत नसेल, तर हाताला येईल ते भांडे वाजवून हाक द्यावी आणि जवळचे पांघरूण अंगावर ओढून घ्यावे.

पडल्यानंतर उभे राहता येत नसेल, एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळले असेल, तर खुब्याचे हाड मोडले आहे असे धरून चालावे. तेल लावून चोळणे, पाय ओढून पाहणे, पट्टी बांधून दोन दिवस वाट पाहणे यांतील काहीही करू नये. कधी कधी मोडलेले हाड एकमेकांत रुतून बसते व स्त्री लंगडत चालूही शकते. जांघेत दुखणे हेच त्याचे लक्षण असते आणि क्ष-किरण छायाचित्राशिवाय निदान होत नाही. डोक्याला मार लागला असेल आणि पुढे काही आठवड्यांनीही डोकेदुखी, गुंगी वा विसर वाढल्यास डॉक्टरांना पहिल्या पडण्याची आठवण करून द्यावी.

रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक राज्यात २०१४ पासून उपलब्ध आहे. परभणी येथे जिल्हा रुग्णालय असून २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी, असा वैद्यकशास्त्राचा आग्रह आहे. "या वयात शस्त्रक्रिया सोसणार नाही" म्हणून अंथरुणावर ठेवलेल्या रुग्णाला सोसावे लागते ते अधिक असते: पाठीवरील जखमा, न्यूमोनिया, पायातील रक्ताच्या गुठळ्या. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. ७० वर्षांवरील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. हे कार्ड पडण्यापूर्वीच काढून ठेवावे, कारण घाईच्या वेळी आधार कार्डावरील जन्मतारखेचा घोळ निस्तरण्यास सवड नसते.

शस्त्रक्रियेनंतर बहुधा दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभे केले जाते. घरी सोडताना हाडे बळकट करणारे औषध सुरू करावयाचे काय, हे आवर्जून विचारावे. मोडलेले हाड जुळवून दिले म्हणजे उपचार संपले, अशा समजुतीने ते पुष्कळदा राहून जाते. आणि आजींना घरी आणण्यापूर्वी कोणीतरी त्यांच्या वाटेने, बाजेपासून न्हाणीपर्यंत आणि न्हाणीपासून शौचालयापर्यंत, रात्री दिवा न लावता एकदा चालून पाहावे. जेथे हात भिंत शोधू लागेल, तेथे दांडा बसवावा.